नोट पारखणाऱ्या नजरेनं व्यंगचित्र पारखा

वाचकाचं पत्र : एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं रोखपाल होतो. मुलगी फिलाडेल्फियाजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना बँकांच्या भानगडींवरची जुनी राजकीय व्यंगचित्रं पाहिली आणि आता ती जमवावीशी वाटतात. लंडनच्या एका विक्रेत्यानं जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं १७९७ चं ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ देऊ केलं आहे. ‘मूळ तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं’ असं तो लिहितो. चित्र रंगीत आहे, वर उजव्या कोपऱ्यात एक आकडा आहे आणि मागच्या बाजूला दुसरंच चित्र छापलेलं आहे. मागितलेली किंमत माझ्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी आहे. घ्यावं का? नवशिक्यानं सुरुवात कुठून करावी? आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे कागद टिकतील का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

सप्रेम नमस्कार.

आधी थेट उत्तर देतो : या किमतीला ते चित्र घेऊ नका. विक्रेता खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो आहे.

गिलरे १८१५ मध्ये वारला. त्याची चित्रं हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानातून विकली जात, आणि कोरलेल्या प्लेट त्याच्यामागे शिल्लक राहिल्या. त्या पुढे हातोहाती फिरल्या आणि शेवटी हेन्री बोन या लंडनच्या प्रकाशकाकडे आल्या. त्यानं १८४७ ते १८५१ च्या सुमारास त्या पुन्हा छापून एक अवाढव्य ग्रंथ काढला. जाड कागद, कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं आणि वरच्या कोपऱ्यात प्लेटचा क्रमांक, अशी ही छपाई ओळखू येते. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही खुणा नेमक्या याच ग्रंथातल्या पानाच्या आहेत. म्हणजे प्लेट मूळची हे खरं, पण छाप चित्रकाराच्या मृत्यूनंतर तीस-पस्तीस वर्षांनी काढलेली. शिवाय बोनचा ग्रंथ बिनरंगी निघाला होता. तेव्हा तुमच्या चित्रावरचा रंग नंतर कोणीतरी भरलेला आहे, आणि तो कदाचित फार जुनाही नसेल.

बोनच्या छपाईला कमी लेखायचं कारण नाही. चित्र वाचायला, अभ्यासायला, भिंतीवर लावायला ती उत्तम, आणि नवशिक्याला परवडते. पण १७९७ साली दुकानात रंगवून विकलेल्या प्रतीची किंमत तिच्या कित्येक पट असते. तुमच्याकडे दुसरीची किंमत मागून पहिली दिली जाते आहे. विक्रेत्याला एवढंच विचारा : ‘ही छाप गिलरेच्या हयातीतली आहे की बोनची? तसं पावतीवर लिहून द्याल का?’ प्रामाणिक विक्रेता लगेच ‘बोन’ असं लिहील आणि किंमत उतरवेल. तेव्हा खुशाल घ्या.

एक सावधगिरी. मागच्या बाजूला पुसटसं चित्र दिसलं म्हणजे ते बोनचंच, असा उलटा नियम लावू नका. जुन्या हौशी लोकांनी ही चित्रं आल्बममध्ये ठेवली, आणि समोरच्या पानाची शाई वर्षानुवर्षं दाबाखाली राहून कागदावर उमटली. अशी उमट फिकट असते आणि तिच्यातली अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी दिसतात. बोनच्या पानावर मागचं चित्र ठसठशीत असतं आणि अक्षरं सुलटी वाचता येतात.

आता तुमच्या नोकरीबद्दल. तुम्ही स्वतःला नवशिके म्हणता, पण या छंदातलं निम्मं कसब रोखपालाच्या खिडकीमागे शिकून झालेलं असतं. नोट उजेडासमोर धरणं, जलचिन्ह पाहणं, उठावदार छपाईवरून अंगठा फिरवणं, शंका आली की जांभळ्या दिव्याखाली धरणं. आपल्या मोठ्या नोटांवरची उठावदार छपाई आणि गिलरेची चित्रं यांचं तंत्र मुळात एकच आहे : धातूच्या पत्र्यात खोदलेल्या रेघांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून ती बाहेर ओढायची. म्हणून अस्सल छापेत शाई कागदाच्या वर किंचित उभी राहते. चित्राभोवती प्लेटच्या कडेची दाबखूणही उमटते, चौकोनी आणि बोटाला कळेल इतकी खोल. फक्त इथे अंगठा कोऱ्या समासावर फिरवा, रंगावर नको.

साधनं थोडीच लागतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, मागून प्रकाश टाकायला एखादा पातळ एलईडी फलक आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. १९५० च्या सुमारापासून कागदात उजळपणासाठी रसायनं घालतात, त्यामुळे तो कागद या टॉर्चखाली निळसर पांढरा चमकतो. चिंध्यांपासून केलेला अठराव्या शतकातला कागद मंदच राहतो. चमकला तर विषय संपला. चमकला नाही तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, कारण जुन्या वह्यांचे कोरे कागद मिळवून त्यांवर छापणारेही आहेत.

भिंगातून काय दिसायला हवं? तांब्याच्या प्लेटवरच्या रेघा सलग असतात आणि टोकाशी निमुळत्या होतात. निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची नियमित फुलं दिसली तर ती आजची ऑफसेट छपाई. बारीक फवाऱ्यासारखे विस्कटलेले थेंब दिसले तर घरगुती इंकजेट. हातानं भरलेला रंग रेघेबाहेर सांडलेला असतो आणि कडेला कुंचल्याचा गडद काठ दिसतो. कागदाच्या जुन्या चिरेत किंवा घडीच्या तुटलेल्या तंतूंत रंग झिरपलेला दिसला, तर रंग चिरेनंतरचा. ही खूण फार भरवशाची आहे.

जलचिन्हाचंही एक गणित आहे. १७९४ पासून इंग्लंडमधले कागद बनवणारे जलचिन्हात साल घालू लागले. कागदातलं साल म्हणजे त्याआधी ती छाप निघालेली नाही, एवढंच ठरतं. १७९७ च्या चित्राच्या कागदात १७९४ आढळलं तर चांगलंच. १८०५ आढळलं तर छाप नंतरची, तरीही हम्फ्रीबाईंच्याच दुकानातली असू शकते आणि तिला मान आहे. साल मुळीच नसेल तर घाबरू नका, मोठा ताव कापून छापताना जलचिन्ह दुसऱ्या तुकड्यात जातं.

मापं पडताळताना ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळाचा आधार घ्या. तिथल्या व्यंगचित्रांच्या सूचीत प्रत्येक चित्राला क्रमांक आहे. तुमची ‘म्हातारी’ ९०१६, आणि गिलरेचंच त्याच वर्षीचं ‘मिडास’ ८९९५. प्लेटची दाबखूण मोजा, कागद नको. ओलाव्यानं कागद दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होतो, ते चालतं. एक सेंटिमीटरचा फरक असेल तर ती नक्कल आहे. पुष्कळ प्रती आल्बममध्ये चिकटवण्यासाठी समास कापून दाबखुणेच्या आत आणलेल्या असतात. तशी प्रत अस्सल असली तरी किंमत कमी, आणि खालची प्रकाशक-तारखेची ओळ कापली गेली असेल तर आणखी कमी. समास किती उरला आहे ते चारही बाजूंनी मिलिमीटरमध्ये विचारा.

सुरुवात कुठून करावी या प्रश्नाला आमचं मत ठाम आहे : चित्रकार निवडू नका, एक भानगड निवडा. दहा भानगडींची दहा सुटी चित्रं जमवली तर ती नुसती रास होते. एका भानगडीची पाच चित्रं शेजारी मांडली की ती एकमेकांना उत्तर देऊ लागतात.

तुमच्यासारख्या माणसासाठी आम्ही १७९७ ते १८२१ चा इंग्लंडमधला काळ सुचवू. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैन्याची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली, लोक सोनं काढायला बँकांवर धावले, आणि २६ फेब्रुवारीच्या सरकारी हुकुमानं बँक ऑफ इंग्लंडनं नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. एक आणि दोन पौंडांच्या छोट्या नोटा निघाल्या. ‘मिडास’मध्ये पंतप्रधान विल्यम पिट बँकेच्या इमारतीवर दोन पाय फाकून उभा आहे, पोटात नाणी खच्चून भरलेली आणि तोंडातून बाहेर पडतात कागदी नोटा. गोष्टीतला मिडास हात लावेल त्याचं सोनं करायचा, इथे सगळ्याचा कागद होतो. मे महिन्यातल्या ‘म्हातारी’त एक-एक पौंडाच्या नोटांचा झगा घातलेली बाई कुलूपबंद पेटीवर बसली आहे, पिट तिच्याशी लगट करत खिशात हात घालतो आहे आणि ती आकांत करते आहे. बँक ऑफ इंग्लंडला आजही लोक ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ म्हणतात, ते याच चित्रामुळे रूढ झालं.

या मालिकेचा शेवट जास्त काळा आहे. छोट्या नोटांची छपाई इतकी साधी होती की कोणीही त्या नकली करू शके, आणि नकली नोटेला शिक्षा होती फाशीची. या चोवीस वर्षांत तीनशेहून जास्त माणसं त्यासाठी फासावर गेली. १८१९ मध्ये जॉर्ज क्रुकशँकनं विल्यम होन या प्रकाशकासाठी एक पौंडाच्या नोटेचीच विडंबन-नोट केली. तिच्यावर ओळीनं लटकलेली माणसं आहेत, पौंडाचं चिन्ह फासाच्या दोराचं आहे आणि सही जल्लादाची. ज्यानं आयुष्यभर नोटा मोजल्या त्याच्या हातात हा कागद यायलाच हवा असं आम्हांला मनापासून वाटतं. विकत घेताना मात्र फार सावध राहा. ही नोट गाजली, म्हणून तिच्या पुढच्या काळातल्या नकला पुष्कळ आहेत. भिंगाखाली ‘नकली नोटेविरुद्धच्या नोटेची नक्कल’ ओळखण्याचं काम तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमेल?

मुलगी फिलाडेल्फियाजवळ असल्यानं दुसरा पर्यायही तुमच्या दाराशी आहे. अमेरिकेतलं ‘बँक-युद्ध’ त्याच शहरातल्या चेस्टनट स्ट्रीटवर घडलं. सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सला १८१६ मध्ये वीस वर्षांची सनद मिळाली होती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं १० जुलै १८३२ रोजी नव्या सनदेचं विधेयक नाकारलं, पुढल्या वर्षी सरकारी ठेवी काढून घेतल्या, आणि बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल याच्याशी त्याचं जे जुंपलं त्यावर चित्रांचा पाऊस पडला. १८३३ चं ‘मदर बँकेचं पतन’ घ्या : जॅक्सनच्या हातातल्या हुकुमाच्या कागदातून विजा सुटतात, बँकेचे खांब कोसळतात आणि खालून बिडल आणि मंडळी पळत सुटतात. १८३६ च्या चित्रात जॅक्सन ‘व्हेटो’ (नकाराधिकार) असं लिहिलेली काठी घेऊन अनेक तोंडांच्या राक्षसाशी लढतो आणि त्यातलं सर्वांत मोठं तोंड बिडलचं. बँकेची ती ग्रीक धाटणीची इमारत आज चित्रदालन म्हणून उभी आहे. आधी ती पाहून या, मग चित्र वाचा. या काळातला प्रमुख व्यंगचित्रकार एडवर्ड विल्यम्स क्ले हा मूळचा फिलाडेल्फियाचाच.

इथे पारखण्याचे नियम बदलतात. ही चित्रं शिळाछापाची आहेत, म्हणजे दगडावर तेलकट खडूनं काढून छापलेली. शाई उभी राहत नाही, दाबखूण नसते, भिंगातून खडूचा रवाळ पोत दिसतो. कोणी क्लेच्या अशा शिळाछाप चित्राभोवती खोल दाबखूण दाखवून ‘बघा, अस्सल’ म्हणाला, तर तिथून निघा. खालच्या ओळीत न्यूयॉर्कच्या हेन्री रॉबिन्सनचं नाव, कोर्टलँड स्ट्रीटचा पत्ता आणि काँग्रेसच्या कायद्यानुसार अमुक साली नोंदवल्याची ओळ असते. ती अक्षर न् अक्षर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रतीशी ताडा. याच ग्रंथालयानं या चित्रांच्या मोठ्या, स्पष्ट प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. अभ्यासकाला ते वरदान आहे, आणि चहाच्या पाण्यानं कागद पिवळा करून विकणाऱ्यालाही. चहाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो. काळाचा पिवळेपणा कडेला जास्त आणि आत कमी असतो.

पैसे बेतानं लावायचे असतील तर साप्ताहिकांची पानं घ्या. ‘हार्पर्स वीकली’त टॉमस नॅस्टनं १८७३ च्या आर्थिक घबराटीवर चित्रं काढली. त्या घबराटीची ठिणगी पडली तीही फिलाडेल्फियाच्या जे कुक या पेढीच्या दिवाळ्यानं. हे लाकडी ठोकळ्यांवरचं कोरीवकाम. मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे जोडत, त्यामुळे चित्रातून केसासारखी बारीक पांढरी सांधरेघ जाताना दिसते. मागच्या बाजूला बहुधा बातम्या-जाहिराती छापलेल्या असतात. गिलरेच्या पानामागची छपाई किंमत पाडते, हार्पर्सच्या पानामागे ती नसली तर संशय घ्यायचा. ‘पक’ या रंगीत साप्ताहिकात २ फेब्रुवारी १९१० रोजी फ्रँक नॅनकिव्हेलचं ‘मध्यवर्ती बँक’ आलं : बडा बँकर जे. पिअरपाँट मॉर्गन शहरातल्या बँका कवेत घेतो आहे, आणि खालचा मजकूर विचारतो, पिअरपाँटकाका कामावर हजर असताना सरकारला मध्यवर्ती बँक हवीच कशाला? चार वर्षांच्या आत फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक आली. १९०० नंतर ‘पक’चं छपाईतंत्र बदललं, म्हणून अशा पानात नुसते ठिपके दिसल्यावर निकाल देऊ नका, कागद, घडी आणि मागचा मजकूर पाहा. साप्ताहिकांची सामान्य पानं काही डझन डॉलरांत मिळतात, गाजलेली मात्र महाग.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. बँकांवरच्या जुन्या चित्रांत सावकार म्हणून ज्यू माणसाची कुरूप नक्कल वारंवार येते, आणि ज्या क्लेचं आम्ही कौतुक केलं त्यानंच फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारी मालिका काढली. असं चित्र संग्रहात आलं तर नोंदीत तसं स्पष्ट लिहा आणि दिवाणखान्यात टांगू नका. त्याची जागा कपाटातल्या फाइलमध्ये, टिपणासह.

आता पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या पुढे सहज जाते. तुम्हांला ४५ ते ५५ हवी. चित्रं आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवा. पारदर्शक कव्हर हवं असेल तर पॉलिएस्टरचं घ्या. पीव्हीसीचं घेऊ नका, ते काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतं. ही पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात आडवी ठेवा आणि डब्यात पाव ते अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) कापडी पिशवीतून टाका. सोबत छोटा आर्द्रतामापक असू द्या. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवून पुन्हा वापरता येतं. डबा लोखंडी कपाटात मधल्या खणात, आणि कपाट आतल्या भिंतीला. पावसाकडच्या भिंतीला मुळीच नको. डांबरगोळ्या आणि कापूर कागदाजवळ ठेवू नका, कडुनिंबाचा ओला पाला तर नकोच, त्याचा डाग जात नाही. कसर येते ती धूळ, खळ आणि ओल यांमुळे. दर दोन महिन्यांनी डबा उघडून पाहणं हाच तिच्यावरचा उपाय.

सर्वांत मोठं नुकसान कसर करत नाही, नेहमीचा फ्रेमवाला करतो. तो चित्र फेव्हिकॉलनं हार्डबोर्डवर चिकटवतो आणि समास कापून ‘नीट’ करतो. त्याला लिहून द्या : कापायचं नाही, चिकटवायचं नाही, लॅमिनेट करायचं नाही. चित्र वरच्या कडेला फक्त दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या पिठातल्या स्टार्चच्या खळीवर टांगायचं, म्हणजे ते हवेनुसार आकसू-पसरू शकतं. पुढे आम्लमुक्त खिडकी-पुठ्ठा असा की काच चित्राला टेकणार नाही. पावसाळ्यात टेकलेल्या काचेला रंग चिकटतो. उजेड ५० लक्सपर्यंत, आणि तीन-चार महिन्यांनी चित्र बदलायचं. हातानं रंगवलेल्या चित्राला अल्कधर्मी भर घातलेला पुठ्ठा वापरू नका, प्रशियन निळ्यासारखे रंग त्यानं उडतात. याउलट ‘पक’च्या लाकडी लगद्याच्या कागदाला तोच पुठ्ठा चांगला, कारण तो कागद स्वतःच्या आम्लानं तुकडे तुकडे होत जातो. डाग काढायला घरी पाणी किंवा ब्लीच लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी सल्ला घ्या.

शेवटी, आणायचं कसं. कस्टम्सच्या वर्गवारीत अस्सल कोरीव चित्रं आणि शिळाछाप ९७०२ या शीर्षकाखाली येतात, शंभर वर्षांहून जुन्या इतर वस्तू ९७०६ खाली. पावतीवर चित्रकार, प्रकाशक, साल, तंत्र आणि किंमत लिहून घ्या आणि कराचा चालू दर कुरिअरच्या एजंटकडून पाठवण्यापूर्वीच लेखी मागवा. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून जे पुढेमागे परदेशात विकायचा विचार असेल ते मुलीकडेच ठेवा. जे पुण्याला आणायचं ते नळीत गुंडाळून नको, ‘पक’चं पान त्यात हमखास तडकतं. दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, पुठ्ठा चित्राहून चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठा घेऊन, तिला ते हातातल्या सामानात आणायला सांगा. पुण्यात आल्यावर लगेच उघडू नका. एक दिवस खोलीतल्या हवेत पाकीट तसंच राहू द्या, मग उघडा.